चाळीस हजारांत डीजेइंगची सुरुवात : काय विकत घ्यावे आणि काय भाड्याने आणावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण कराडजवळ राहता, महाविद्यालयात शिकता, हाताशी एकूण चाळीस हजार रुपये आहेत आणि घरी ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. सुरुवातीला हळदी, वाढदिवस आणि स्नेहसंमेलने करायची आहेत, आणि हात बसला तर पुढे पुण्या-मुंबईच्या क्लबांत वाजवण्याची इच्छा आहे. गावातील एका साउंडवाल्याने आपला जुना, मोठा, चार चॅनेलचा कंट्रोलर (लॅपटॉपवरील गाणी हाताने मिसळण्याचे यंत्र; जितके चॅनेल तितकी गाणी एका वेळी हाताळता येतात) पस्तीस हजारांत देऊ केला आहे. मित्रांचे म्हणणे मात्र असे की, त्याच पैशांत दोन बेस आणि दोन टॉप असे मोठे स्पीकर घेऊन टाकावेत.

माझे उत्तर असे आहे की, या दोन्ही गोष्टी आत्ता करू नयेत. दोन चॅनेलचा, स्वतःचे साउंड कार्ड असलेला साधा कंट्रोलर घ्यावा, त्याच्या जोडीला वायरचा चांगला हेडफोन घ्यावा, आणि मोठा आवाज लागेल तेव्हा तो भाड्याने आणावा. यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण ती नीट समजली तर दुकानदार कोणतेही मॉडेल पुढे करो, आपला निर्णय आपल्याला घेता येईल.

प्रथम बेस-टॉपचा विषय संपवू. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात लोक ज्याला डॉल्बी म्हणतात, तो वेगळा व्यवसाय आहे. त्यात स्पीकर, अ‍ॅम्प, जनरेटर, गाडी, ती चढवणारी-उतरवणारी माणसे आणि सामान ठेवायला जागा लागते. चाळीस हजारांत त्यातले जे येईल ते ना धड मंडपाला पुरेल, ना घरात सरावाला चालेल. शिवाय प्रत्येक मंगल कार्यालयाचा किंवा मंडपवाल्याचा ठरलेला साउंडवाला असतोच, आणि त्याच्या मिक्सरमध्ये आपल्या दोन पिना गेल्या की आपले काम सुरू होते. आणखी एक बाब म्हणजे कायदा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मर्यादा ओलांडल्यावर कारवाई झाली की साहित्य अडकते ते मालकाचे. नुकत्याच सुरुवात करणाऱ्याने ही जोखीम अंगावर घेण्याचे काहीच कारण नाही.

कंट्रोलर घेण्याआधी एक काम बिनपैशात करता येते आणि ते करावेच, असा माझा आग्रह आहे. मिक्स नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे (त्याच्या इंग्रजी नावाच्या शेवटी एक्स हे अक्षर तीनदा येते). ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि पूर्णपणे मोफत आहे. ते लॅपटॉपवर उतरवून घ्या, आपल्या आवडीची वीस-पंचवीस गाणी त्यात टाका आणि काही आठवडे कीबोर्ड व माउसवरच दोन गाणी जोडण्याचा प्रयत्न करा. लॅपटॉपचे एकच आउटपुट अपुरे पडते म्हणून साधे यूएसबी साउंड कार्ड जोडले, तर मिक्समध्ये स्पीकर एका कार्डावर आणि हेडफोन दुसऱ्यावर असे वाटून देता येतात. गाण्याचे मोजके तुकडे आठ-आठ, सोळा-सोळा, बत्तीस-बत्तीस ठोक्यांत कसे बसतात, कडवे कुठे संपते, ढोलकीचा तुकडा कुठून सुरू होतो, हे कानाला कळू लागणे हा या कलेचा पाया आहे आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. या आठवड्यांत गोडी टिकली नाही तर चाळीस हजार वाचले, आणि टिकली तर कंट्रोलरवर बसल्या दिवसापासून हात योग्य ठिकाणी जाईल.

आता मुख्य गोष्ट. डीजेच्या कामाचा गाभा असा की, लोक एक गाणे ऐकत असतात तेव्हा आपण पुढचे गाणे फक्त स्वतःच्या कानात ऐकून त्याचा वेग आणि ठेका जुळवून ठेवतो. याला क्यू घेणे म्हणतात. याचा अर्थ यंत्रातून एकाच वेळी दोन स्वतंत्र स्टिरिओ आवाज बाहेर पडले पाहिजेत : एक स्पीकरकडे जाणारा मास्टर आणि एक हेडफोनकडे जाणारा क्यू. म्हणजे एकूण चार वाहिन्या. ज्या कंट्रोलरमध्ये असे साउंड कार्ड आतच बसवलेले असते, त्यावरच शिकावे. बाजारात सर्वांत स्वस्त म्हणून जी यंत्रे मिळतात, त्यांतील काहींत हे कार्ड नसते. उदाहरणार्थ, पायोनिअर डीजेचा डीडीजे-२०० हा छोटा कंट्रोलर फोनवर शिकण्यासाठी बनवला आहे. त्यात साउंड कार्ड नाही आणि क्यूसाठी फोनच्या आउटपुटला दोन फाटे फोडणारी वायर लावावी लागते, ज्यामुळे मास्टर आणि क्यू दोन्ही मोनो होतात, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी राहत नाही. घरच्या सरावाला ते चालेल, परंतु मंडपात लोकांसमोर मोनो आवाज पाठवणे योग्य नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा : यात साउंड कार्ड आहे का, आणि हेडफोन व मास्टर यांची आउटपुटे वेगळी आहेत का? पॅड किती, दिवे किती, इफेक्ट किती, हे सगळे त्यानंतर.

ब्लूटूथ हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकर या कामात निरुपयोगी आहेत, हेही याच ठिकाणी सांगितले पाहिजे, कारण घरात ते असतात म्हणून नवे लोक तेच वापरून पाहतात. १२५ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२५ ठोके असलेल्या गाण्यात एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचे अंतर ४८० मिलिसेकंद असते. ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे कानातला ठोका जवळजवळ अर्ध्या मात्रेने मागे पडतो, आणि मग कितीही मन लावले तरी जुळवणी शक्य नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट टेम्पो फेडर, म्हणजे वेगाची सरकपट्टी, आणि याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण जाहिराती याविषयी काहीच सांगत नाहीत. टेम्पो फेडर वर-खाली केला की गाण्याचा वेग बदलतो. समजा गाणे १२५ बीपीएमचे आहे आणि फेडरची मर्यादा अधिक-उणे ८ टक्के ठेवली आहे. म्हणजे पूर्ण फेडरभर वेग २० बीपीएमने बदलतो. फेडर ६० मिलिमीटर लांब असेल तर एका मिलिमीटरला साधारण ०.३३ बीपीएम इतका फरक पडतो. ३० मिलिमीटरच्या छोट्या फेडरवर हाच फरक ०.६७ होतो. आता दोन गाण्यांत फक्त ०.१ बीपीएमचा फरक राहिला, तरी एका मिनिटात ती एकमेकांपासून ४८ मिलिसेकंद सरकतात आणि दोन ढोल एकावर एक पडण्याऐवजी एकामागून एक पडल्यासारखे ऐकू येतात. छोट्या फेडरवर इतक्या बारकाईने बोट थांबवणे फार अवघड जाते. तेव्हा शक्य तितका लांब फेडर आणि तळहाताखाली नीट येईल एवढी जॉग व्हील (गाणे किंचित पुढे-मागे ढकलण्याची गोल चकती) असलेलाच कंट्रोलर घ्यावा, आणि सराव करताना फेडरची मर्यादा अधिक-उणे ६ टक्क्यांवर आणून ठेवावी, म्हणजे तोच फेडर अधिक बारीक चालतो.

यावर कोणीही म्हणेल की, दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारे सिंक बटण असताना ही मेहनत कशाला? क्लबमध्ये वाजणाऱ्या हाउस किंवा टेक्नो गाण्यांपुरते ते बरोबर आहे. ती गाणी संगणकावर तयार झालेली असतात, त्यांचा वेग पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत तसूभरही हलत नाही, आणि सिंक तेथे चोख काम करते. आपण हळदीत वाजवणार आहात. तेथे जुनी कोळीगीते, लावण्या, भीमगीते, गोंधळ यांची मागणी येणार, आणि त्यांतील कितीतरी ध्वनिमुद्रणे वादकांनी समोर बसून केलेली आहेत. ढोलकीवाला कडव्याला किंचित थांबतो आणि मुखड्यावर येताना चढतो. अशा गाण्यावर सॉफ्टवेअरने आखलेली बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणांची जाळी, सुरुवातीचे सोळा ठोके अचूक बसते आणि मग हळूहळू घसरते. पडद्यावर सिंकचा दिवा पेटलेला असतो, पण कानाला मात्र धुम लवकर आलेली स्पष्ट कळते. त्यात कोळीगीतांचा सहा मात्रांचा ठेका सॉफ्टवेअरला नेहमी उमगतोच असे नाही. ११० च्या गाण्यासमोर ते १६५ असा आकडा दाखवू शकते. रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो ही डीजेंची नेहमीची सॉफ्टवेअर आहेत. रेकॉर्डबॉक्समध्ये गाण्याचे विश्लेषण करताना डायनॅमिक हा पर्याय निवडला तर बदलत्या वेगाची ग्रिड आखली जाते, आणि सेराटोमध्ये ग्रिडच्या खुणा हाताने जागोजागी लावता येतात. या दोन्हींचा उपयोग होतो, परंतु कार्यक्रम सुरू असताना शेवटचा आधार म्हणजे आपला कान आणि जॉग व्हीलवरचा हात. मराठी गाणी वाजवणाऱ्या डीजेला सिंकशिवाय जुळवता आलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच यंत्र निवडताना मी पॅडांपेक्षा फेडर आणि जॉग यांना अधिक महत्त्व देतो.

प्रत्यक्ष मॉडेलांकडे येतो. किमती दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून मी नेमक्या आकड्यांऐवजी बजेटचा वाटा सांगतो : चाळीस हजारांपैकी कंट्रोलरवर शक्यतो साठ टक्क्यांच्या वर जाऊ नये.

या मर्यादेत नव्या यंत्रांमध्ये हर्क्युलिसचा डीजेकंट्रोल इनपल्स ३०० एमके२ मला शिकण्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. त्यात साउंड कार्ड आहे, तो कंपनीच्या डीज्यूस्ड या मोफत सॉफ्टवेअरवर आणि सेराटो डीजे लाइटवर चालतो, आणि डीज्यूस्डवर वाजवताना फेडर कोणत्या दिशेने हलवायला हवा आणि जॉगने गाणे पुढे ढकलावे की मागे ओढावे, हे कंट्रोलरवरचे छोटे दिवे दाखवतात. सिंकप्रमाणे ते काम परस्पर करून टाकत नाहीत. हात आपलाच चालतो, फक्त दिशा कळते. काही दिवसांनी ते दिवे बंद करून कानावर जुळवता येते, आणि शिकवणीचा हा क्रम मला फार आवडतो.

पायोनिअर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ याहून महाग आहे आणि नवा घेतला तर बजेटचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून मोठा भाग त्यातच जाईल. तरीही त्याचा विचार करण्याचे एक सबळ कारण आहे. क्लबांमध्ये बहुतेक ठिकाणी पायोनिअरचे सीडीजे प्लेअर आणि डीजेएम मिक्सर असतात, आणि एफएलएक्स४ वरील बटणांची व फेडरांची मांडणी त्यांच्याच धर्तीवर आहे. तो रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो डीजे लाइट या दोन्हींवर चालतो. तो जोडलेला असताना रेकॉर्डबॉक्सची वाजवण्याची सोय वेगळे पैसे न भरता खुली होते. माइकसाठी मोठ्या पिनेचे इनपुट आहे, जे वाढदिवसाच्या कार्यक्रमात फार कामाला येते. मास्टरसाठी मात्र फक्त आरसीए (टीव्हीला लागते तशी लाल-पांढरी पिन) आउटपुट आहे. त्याचा परिणाम पुढे वायरींच्या भागात सांगतो. आपला क्लबचा विचार पक्का असेल आणि एफएलएक्स४ किंवा त्याआधीचा, २०१८ मध्ये आलेला डीडीजे-४०० सुस्थितीत वापरलेला मिळत असेल, तर साठ टक्क्यांच्या मर्यादेत तोही बसू शकेल. डीडीजे-४०० हा मुख्यतः रेकॉर्डबॉक्ससाठी बनवलेला आहे, सेराटोवर चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्याला देऊ केलेला चार चॅनेलचा कंट्रोलर मी का नाकारतो, ते सांगतो. तिसरा आणि चौथा चॅनेल लागतो तो दोन गाणी सहज सांभाळता आल्यानंतर, आणि ती वेळ यायला बराच काळ जातो. त्या काळात जुने यंत्र आणखी जुने होते. त्याहून मोठी अडचण ड्रायव्हरची आहे. कंपन्या काही वर्षांनी जुन्या यंत्रांसाठी नवे ड्रायव्हर काढणे थांबवतात, आणि एक दिवस विंडोजचे मोठे अपडेट आले की धडधाकट यंत्र लॅपटॉपला ओळखूच येत नाही. म्हणून कोणतेही वापरलेले यंत्र घेण्याआधी त्याचे पूर्ण मॉडेल नाव लिहून घ्यावे, कंपनीच्या साइटवर आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर आहे का ते पाहावे, आणि आपण वापरणार त्या सॉफ्टवेअरच्या यादीत ते यंत्र अजून आहे का याची खात्री करावी.

पाहायला जाताना आपलाच लॅपटॉप, आपलाच हेडफोन आणि दोन ओळखीची गाणी घेऊन जावे. सॉफ्टवेअर सुरू करून टेम्पो फेडर मध्यभागी आणून हात काढून घ्यावा आणि पडद्यावरील बीपीएमच्या दशांशाकडे अर्धा मिनिट नुसते पाहत राहावे. फेडरला कोणी हात लावलेला नसताना शेवटचा आकडा वर-खाली थरथरत असेल, तर आतला भाग झिजला आहे. त्यानंतर एका चॅनेलचा फेडर पूर्ण खाली ओढून हेडफोनवर मास्टर ऐकावा. गाणे बारीक आवाजात तरीही झिरपत असेल तर तो फेडर बदलावा लागणार. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्यावा, मध्येच आवाज तुटतो का किंवा खरखर येते का ते ऐकावे. हेडफोनची पिन खोचून ती बोटाने हलकेच हलवावी, यूएसबीची पिनही तशीच हलवावी. या दोन जागा सर्वांत आधी सैल होतात. क्यू आणि प्ले ही बटणे पन्नासेक वेळा दाबावीत, कारण मंडपात काम करून आलेल्या यंत्रांवर हीच दोन बटणे दमलेली असतात. हळदीच्या कार्यक्रमांत फिरलेल्या यंत्राच्या फटींत हळद आणि धूळ बसलेली असते. तेवढ्यावरून यंत्र वाईट ठरत नाही, पण भाव करताना ती दाखवावी. नवे घ्यायचे असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चौकशी करता येते. ऑनलाइन घ्या की दुकानातून, भारतातील वॉरंटी आणि अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल मात्र घ्यावेच.

हेडफोनवर बजेटचा दहा-बारा टक्के भाग खर्च करावा आणि त्यात काटकसर करू नये. तो वायरचा हवा, कानाभोवती पूर्ण बंद बसणारा हवा आणि मंडपातल्या आवाजातही ठोका कळेल इतका स्पष्ट हवा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स सुरुवातीला पुरेसा आहे. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासून चालत आलेला हेडफोन व्यावसायिक डीजेंच्या मानेभोवती दिसतो, कारण तो हलका आहे आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो. तो पुढच्या टप्प्यासाठी ठेवावा. याच खात्यातून इअरप्लगची एक जोडी घ्यावी. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणे ही मर्यादा आहे आणि प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. मंडपात स्पीकरसमोर उभे राहिले की हा आकडा सहज गाठला जातो. कान गेले की परत येत नाहीत, आणि आपला व्यवसाय कानांवरच उभा राहणार आहे.

घरच्या सरावासाठी स्पीकर वेगळे विकत घेण्याची घाई नको. घरात ऑक्स इनपुटचा होम थिएटर असेल तर आरसीए वायरने तो जोडावा आणि चालवावा.

लॅपटॉप आपल्याकडे आहे तो पुरेल, पण त्यात एसएसडी नसेल तर पहिला खर्च तोच करावा. कंट्रोलरबरोबर येणारा एएसआयओ हा आवाजाचा ड्रायव्हर बसवावा आणि बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवायचा तुकडा) ५१२ सॅम्पलवर ठेवून पाहावे, ४४.१ किलोहर्ट्झला त्यामुळे सुमारे १२ मिलिसेकंदांचा विलंब होतो, जो हाताला जाणवत नाही. आवाज कुठेही तुटत नसेल तर २५६ वर यावे. कार्यक्रमाच्या दिवशी वायफाय बंद, अपडेट थांबवलेले, पॉवर सेटिंग सर्वाधिक क्षमतेवर आणि यूएसबीची वीज आपोआप तोडणारा पर्याय बंद, एवढे पाहिले की ऐनवेळी लॅपटॉप दगा देण्याची शक्यता बरीच कमी होते. कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या यूएसबीत लावावा. स्वस्त हबमधून लावल्यास त्याला पुरेशी वीज मिळेलच असे नाही.

वायरी हा नव्या मुलांनी सर्वांत दुर्लक्षित केलेला भाग आहे. साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये कुठे पी-३८ (मोठी जाड) पिन लागते, कुठे कॅनन (माइकची तीन काड्यांची पिन), कुठे आरसीए. आपल्याकडे तिन्ही प्रकारच्या जोड्या असाव्यात. आरसीएवरून जाणारा सिग्नल असंतुलित असतो, त्यामुळे वायर चार-पाच मीटरपेक्षा लांब गेली की ती वाटेतल्या लाइटच्या वायरींचा गुणगुणाट उचलू लागते. मिक्सर स्टेजपासून दूर असेल तर डीआय बॉक्स (सिग्नल संतुलित करणारी छोटी पेटी) लावून पुढे कॅनन वायर न्यावी. हा बॉक्स साउंडवाल्याकडे असतो. सुपारी घेतानाच त्याला फोन करून विचारून ठेवावे. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घों असा आवाज येतो, हा अनुभव आपल्याला नक्की येईल. चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे आणि डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने तो जातो. काही लोक यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. ओल्या मंडपात, जनरेटरवर चालणाऱ्या साहित्यासमोर उभे राहून माइक हातात घेणाऱ्या माणसासाठी ते जिवावर बेतू शकते. हे कधीही करू नये आणि दुसऱ्याने केलेले दिसले तर तेथे माइकला हात लावू नये.

आवाजाच्या पातळीबद्दल एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. कंट्रोलरवरील दिवे लाल होऊ द्यायचे नाहीत. लाल दिव्यात गेलेला आवाज मोठा होत नाही, तो फाटतो, आणि तो फाटलेला आवाज साउंडवाल्याच्या टॉपमधील हॉर्न जाळतो. आवाज कमी वाटला तर त्याला मिक्सरवरून वाढवायला सांगावे. ही शिस्त पाळणाऱ्या मुलाला साउंडवाले स्वतःहून पुढची कामे देतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

काही पैसा गाण्यांवरही खर्च करावा. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल ३२० केबीपीएसमध्ये रूपांतरित केली तरी तिच्यातून गेलेला तपशील परत येत नाही. लॅपटॉपच्या स्पीकरवर फरक कळत नाही, मोठ्या टॉपवर झांजा आणि टाळ कागद चुरगाळल्यासारखे वाजतात. आयट्यून्स स्टोअर, बँडकॅम्प, बीटपोर्ट अशा ठिकाणी फाइल विकत मिळते, आणि घरात किंवा नातेवाइकांकडे जुन्या मराठी गीतांच्या सीडी असतील तर त्या स्वतः नीट फ्लॅक किंवा ३२० केबीपीएसमध्ये उतरवून घ्याव्यात. त्यातून मिळणारा संग्रह दुसऱ्या कोणाकडे नसतो. स्ट्रीमिंगवर विसंबू नये, कारण कितीतरी मंगल कार्यालयांत लग्नाच्या गर्दीत मोबाइलला नेटवर्कच मिळत नाही. संग्रह एका पेनड्राइव्हवरही ठेवावा आणि तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करावा. क्लबमधील जुने प्लेअर याखेरीज दुसरे स्वरूप वाचतीलच असे नाही.

टर्नटेबलचा मोह होत असेल तर तो समजण्यासारखा आहे. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ मध्ये आलेला टर्नटेबल आजही या कलेचे मापदंड आहे, परंतु दोन टर्नटेबल, मिक्सर, सुया आणि रेकॉर्ड यांचा खर्च आपल्या बजेटच्या कितीतरी पुढे जातो. लॅपटॉपशिवाय चालणारी मोठी स्वयंपूर्ण यंत्रेही आत्ता आपल्या आवाक्याबाहेर आहेत.

एकूण चाळीस हजारांची वाटणी माझ्या मते अशी व्हावी : कंट्रोलर चोवीस हजारांपर्यंत, हेडफोन आणि इअरप्लग मिळून पाच हजारांपर्यंत, वायरी व कंट्रोलरची कडक पेटी यांसाठी चार हजार, गाण्यांसाठी तीन हजार, आणि उरलेले चार हजार पहिल्या काही कार्यक्रमांत येणाऱ्या अनपेक्षित खर्चासाठी बाजूला. एसएसडी घ्यावा लागला तर तो याच शेवटच्या रकमेतून घ्यावा.

आणि पहिल्या सुपारीच्या दिवशी आपल्या मोबाइलमध्ये अर्ध्या तासाची गाणी सलग जोडून तयार ठेवावीत, मोबाइल विमान मोडवर टाकावा आणि वायरने साउंडवाल्याच्या मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलला आधीच जोडून ठेवावा. लॅपटॉप अडकला तर त्याने तो एक फेडर वर करायचा, एवढे त्याच्याशी बोलून ठेवावे. नवरा-नवरी नाचत राहतील आणि आपल्याला लॅपटॉप पुन्हा सुरू करायला वेळ मिळेल.